घोळणा फुटतो तेव्हां

वैशाखाचें ऊन तापूं लागलें कीं ज्या घरांत मुलेंबाळें अधिक, त्या घरांत एखाद्याचा तरी घोळणा फुटावयाचाच. खेळतां खेळतां मूल थांबतें, नाकास हात लावतें आणि बोटें लाल झालेलीं पाहून रडूं लागतें. पुढें जो गोंधळ उडतो तो आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा असेल. आजी कांदा फोडावयास सांगतात, काकू डोक्यावर गार पाण्याचा तांब्या ओततात, कोणी दूर्वांसाठीं अंगणांत धांवतो, आणि कोणी मुलाची मान मागें करून त्यास उताणें निजवितो. एकत्र कुटुंबांत मायेला तोटा नसतो. परंतु नाक चिमटींत धरून स्वस्थ बसणें हें जें एकच काम करावयास हवें, तें करावयास मात्र या गर्दींत कोणी उरत नाहीं.

त्यांतल्या त्यांत घातक रीत म्हणजे उताणें निजविण्याची. मान मागें गेली कीं रक्त बाहेर दिसेनासें होतें व तें थांबलें असें सर्वांस वाटतें. वास्तविक तें घशांतून पोटांत उतरत असतें. पोटांत सांचलेल्या रक्तानें मळमळ सुटते व काळपट वांती होते. मग ती पाहून घरचीं माणसें दुप्पट घाबरतात. रक्त श्वासनलिकेंत शिरण्याचें भय असतें तें निराळेंच.

रक्त येतें कोठून, हें एकदां कळलें म्हणजे निम्मी भीति नाहींशी होते. दोन नाकपुड्यांमधील पडद्याच्या पुढच्या भागांत चारपांच रक्तवाहिन्यांच्या शाखा एकमेकींस मिळून त्यांचें बारीक जाळें झालेलें असतें. या जागेचें वर्णन अमेरिकेंतील शस्त्रवैद्य लिट्ल यांनीं 1879 सालीं व जर्मनीचे कीसेलबाख यांनीं 1884 सालीं केलें, आणि आजहि ती त्यांच्याच नांवांनीं ओळखिली जाते. शेंकडा नव्वदांच्या आसपास घोळणे येथूनच फुटतात. वरची त्वचा अतिशय पातळ. ती कोरडी पडून तडकली, तिच्यावर खपली धरली आणि मुलानें नखानें ती काढली, कीं झालें! जागा बोटाच्या टप्प्यांत आहे म्हणूनच ती फुटते, आणि म्हणूनच ती बाहेरून दाबतांहि येते.

मुलास ताठ बसवून मान किंचित पुढें झुकवावी व हनुवटीखालीं भांडें धरावें. नंतर नाकाचा खालचा मऊ भाग अंगठा व तर्जनी यांच्या चिमटींत दोन्ही बाजूंनीं घट्ट धरावा. पुष्कळ लोक वरचें हाड दाबतात. त्याचा कांहीं उपयोग नाहीं. मुलानें तोंडानें श्वास घ्यावा व घशांत आलेलें रक्त थुंकून टाकावें, गिळूं नये. घड्याळ समोर ठेवून पूर्ण दहा मिनिटें चिमटी सोडूं नये. 'थांबलें का पाहूं' म्हणून दर अर्ध्या मिनिटास बोटें काढणारा मनुष्य नुकतीच धरलेली गुठळी आपल्या हातानें मोडीत असतो. दहा मिनिटांनीं रक्त येतच असेल तर आणखी दहा मिनिटें धरावें. एवढ्यानेंहि न थांबल्यास रुग्णालय गांठावें. मोठ्या कुटुंबास आमची सूचना अशी कीं, एकानें नाक धरावें, एकानें घड्याळ पहावें, आणि बाकीच्यांनीं कृपा करून दुसऱ्या खोलींत जावें. रक्त थांबल्यावर दिवसभर नाक शिंकरूं नये, जड ओझें उचलूं नये, फार कढत पेयें घेऊं नयेत.

आजींच्या उपायांस आम्ही हंसत नाहीं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील रक्तपित्ताच्या अध्यायांत दूर्वांचा रस, डाळिंबाच्या फुलांचा रस व कांदा हीं तिन्ही नाकावाटे येणाऱ्या रक्तासाठीं सांगितलेलीं आहेत. तेव्हां हें ज्ञान कोठून तरी ऐकीव आलेलें नव्हे. परंतु रक्त वाहत असतां नाकांत कोणताहि रस पिळणें म्हणजे रडणाऱ्या मुलाच्या घशांत आणखी एक द्रव सोडणें होय. मानेवर गार फडकें ठेवावयाचें असल्यास खुशाल ठेवावें; त्यानें अपाय नाहीं, मात्र त्याच्या भरंवशावर चिमटी सोडूं नये. आंबे खाल्ल्यानें उष्णता होऊन घोळणा फुटतो या समजुतीपायीं कित्येक मुलांचा हंगाम फुकट जातो. दोष आंब्याचा नसून कोरड्या हवेचा आणि नखांचा असतो. विदर्भांतील मे महिन्याची झळ, पुण्याकडील कोरडी थंडी, आणि परदेशीं मुलानातवंडांकडे गेलेल्या वडील मंडळींस हिंवाळ्यांत सोसावी लागणारी यंत्रानें तापविलेल्या खोल्यांची हवा, या सर्वांचा नाकावर परिणाम एकच.

म्हणून नखें काढावीं, मिठाच्या पाण्याचे तयार थेंब नाकांत घालावे, व रात्रीं निजतांना नाकपुडीच्या आंतल्या कडेस व्हॅसलिनचा पातळ हात फिरवावा. तान्ह्या मुलास न्हाऊं घालतांना नाकांत तेलातुपाचे थेंब सोडण्याची चाल मात्र आतां सोडली पाहिजे. तें तेल फुप्फुसांत उतरून एक प्रकारचा न्यूमोनिया होतो व त्यानें बालकें दगावल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. दोन वर्षांखालील मुलाच्या नाकांतून रक्त येणें हेंच मुळीं नेहमींचें नव्हे. तें डॉक्टरांस दाखवावें.

आम्हांस खरी काळजी वाटते ती मुलांची नव्हे, आजोबांची. वृद्धांचें रक्त पुष्कळदां नाकाच्या मागील, खोल भागांतून येतें. तें पुढें न दिसतां घशांत उतरतें आणि चिमटीस दाद देत नाहीं. त्यांतून आज कितीतरी घरांत हृदयविकारासाठीं किंवा अर्धांगवायूच्या झटक्यानंतर ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन अशीं रक्त गोठूं न देणारीं औषधें चालूं असतात. घरांतल्यांस उगीच त्रास नको म्हणून आजोबा रात्रभर रक्त गिळीत पडून राहतात, किंवा 'रक्त गेलें, बरेंच झालें, डोकें हलकें झालें' असें म्हणून गोष्ट हंसण्यावारी नेतात. ही भिडस्त वृत्ति प्राणावर बेतूं शकते. अशा मनुष्याचें रक्त दाबूनहि थांबत नसेल, घशांत उतरत असेल, किंवा चेहरा पांढरा पडून घाम सुटला असेल, तर उजाडण्याची वाट न पाहतां त्यास रुग्णालयांत न्यावें व गोळ्यांची चिठ्ठी बरोबर घ्यावी. उलट, घाबरून गोळी आपल्या मनानें बंद करणेंहि तितकेंच घातक; घोळणा थांबेल, पण पुन्हां झटका येईल. गोळीचा निर्णय डॉक्टरांनींच करावयाचा. रक्त वाहत असतां मोजलेला रक्तदाब भीतीमुळें चढलेला असूं शकतो. तो नंतर शांतपणें पुन्हां मोजून घ्यावा.

रुग्णालयांत फुटलेली जागा दिसल्यास सिल्व्हर नायट्रेट लावून ती डागतात, अन्यथा नाकांत पट्टी भरतात. क्वचितच शस्त्रक्रिया लागते. घोळणा वारंवार फुटत असून हिरड्यांतूनहि रक्त येत असेल, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग उठत असतील, अथवा मुलीस मासिक धर्माच्या वेळीं फार रक्तस्राव होत असेल, तर रक्ताची तपासणी करवावी. हे दोष पुष्कळदां कुळांत चालत आलेले असतात, आणि आत्याचा किंवा मामाचा दात काढतांना रक्त थांबेना ही आठवण फक्त वडीलधाऱ्यांपाशींच असते. वयांत येणाऱ्या मुलाची एकच नाकपुडी चोंदलेली राहून तिच्यांतूनच पुनःपुन्हां रक्त येत असेल, तर तेथें गांठ नाहीं ना, हेंहि पाहवून घ्यावें. पडल्यानें डोक्यास मार लागून नाकांतून रक्तासह पाण्यासारखा द्रव येत असेल, तर घरीं कांहींहि न करतां तत्काळ रुग्णालय!

आणि एकाच नाकपुडीतून दुर्गंधियुक्त, रक्तमिश्रित स्राव येत असला, तर मुलानें आंत कांहीं तरी घातलें आहे असें समजावें. पूर्वीं तो हरभरा किंवा चिंचोका असे. आतां खेळण्यांत व घड्याळांत बसविलेल्या बटणाएवढ्या चपट्या बॅटरीचें भय अधिक आहे. ती नाकाचा पडदा कांहीं तासांतच जाळते. ती चिमट्यानें उकरण्याच्या किंवा पाणी घालून काढण्याच्या भरीस पडूं नये. खेळण्यांतली बॅटरी नाहींशी झाली आहे आणि मूल नाक चोळीत आहे असें दिसतांच, रात्र असली तरी, नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे निघावें.