बिल कोणी भरलं?

चार वर्षांपूर्वी पुण्यात नव्यानं उघडलेल्या एका थाळीच्या हॉटेलाचं मला आमंत्रण आलं. मंगळवारची दुपार, आम्ही आठ-दहा लिहिणारे-दाखवणारे, आणि मालक स्वतः वाढायला उभे. पुरणपोळी तव्यावरून थेट ताटात येत होती, अळूच्या फदफद्यात दाणे-खोबरं सढळ होतं, तुपाची धार थांबत नव्हती. घरी येऊन मी मनापासून कौतुक लिहिलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

पंधरा दिवसांनी एका वाचकाचं पत्र आलं. आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, माझा लेख वाचून, ते सगळ्या घराला तिथं घेऊन गेले होते. नऊ माणसं, रविवारची रात्र, सव्वा तास रांगेत, मग गार पोळी, आणि दुसऱ्यांदा भाजी मागितली तर ‘संपली’. पत्रात राग नव्हता. शेवटी एकच प्रश्न होता : तुम्ही जेवलात तेव्हा बिल किती झालं होतं? मला उत्तर देता येईना. बिल आलंच नव्हतं. आणि ते आलं नाही, हे मी लेखात लिहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी आमंत्रणाचं जेवण बंद केलं. त्यावरून आमच्या क्षेत्रातल्या मित्रमैत्रिणींशी माझे जे वाद झाले, ते आता उघडपणे मांडायला हवेत.

पहिला आणि सगळ्यांत आवडता युक्तिवाद असा : फुकट खाल्लं म्हणजे मत विकलं असं थोडंच आहे? आवडलं तर आवडलं म्हणतो, नाही आवडलं तर लिहीतच नाही. हे म्हणणाऱ्यांच्या प्रामाणिकपणावर मला शंका घ्यायची नाही. माझा आक्षेप ताटावर आहे. आमंत्रितांसमोर येतं ते ताट आणि रविवारी रात्री पैसे मोजणाऱ्याला मिळतं ते ताट वेगळं असतं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षक रूथ राइकल यांनी 1993 साली हे जगासमोर मांडलं. ‘ल सर्क’ या नामांकित रेस्टॉरंटमध्ये त्या आधी वेश बदलून, अनोळखी बाई म्हणून गेल्या, तेव्हा त्यांना ताटकळत ठेवलं गेलं. ओळख पटल्यावर त्याच दारात त्यांचं जंगी स्वागत झालं, आणि गोडाच्या बशीतल्या रासबेरीसुद्धा आधीपेक्षा मोठ्या निघाल्या. राइकल यांनी दोन्ही अनुभव शेजारी शेजारी छापले आणि रेस्टॉरंटचा एक तारा कमी केला. आमंत्रणावर जेवणाऱ्याला हे दोन्ही अनुभव मिळूच शकत नाहीत. तो फक्त मोठ्या रासबेरीबद्दल लिहितो, अगदी प्रामाणिकपणे लिहितो, आणि तरीही वाचकाला चुकीची वाट दाखवतो.

शिवाय आपल्या भाषेत खाल्ल्या मिठाला जागणं हा सद्गुण आहे. मला तो खरोखर सद्गुण वाटतो. ज्यानं प्रेमानं वाढलं त्याच्याबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही, आणि रेटू नयेच. ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण ज्या समाजानं घडवली, त्याला पोळी आणि टाळी यांचं नातं पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच दुसऱ्याला ‘इथं जा, पैसे खर्च कर’ असं सांगणाऱ्यानं कुणाचं मीठ खायचं, हे ताटावर बसण्याआधी ठरवायला हवं. ‘नाही आवडलं तर लिहीत नाही’ हा बचाव तर मला सगळ्यांत वाईट वाटतो. दहा ठिकाणी जेवून तीनच ठिकाणांचं कौतुक केलं आणि सातांबद्दल गप्प राहिलं, तर ती शांतता त्या सात जेवणांच्या मोबदल्यात दिलेली असते.

दुसरा युक्तिवाद : आम्ही कुठं पत्रकार आहोत, हा आमचा छंद आहे. छंदाला मोबदला आला की कायदा तो छंद मानत नाही. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलनं 2021 मध्येच इन्फ्लुएन्सरांसाठी नियम आणले. जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारनं याबाबतच्या सूचना जाहीर केल्या. त्यांत पैशाबरोबरच फुकट वस्तू, सवलत, भेट, सहल, हॉटेलातला मुक्काम, वस्तूंची देवाणघेवाण आणि घरचं नातं हे सगळंच ‘संबंध’ म्हणून धरलं आहे, आणि तो ठळकपणे सांगायला हवा असं म्हटलं आहे. ज्या भाषेत शिफारस, त्याच भाषेत हा खुलासा हवा, असंही त्यात आहे. आता आपले मराठी रील आठवा. दीड मिनिट रांगड्या मराठीत तांबड्या रश्श्याचं गुणगान, आणि खाली पंधरा हॅशटॅगांच्या गर्दीत शेवटी एक इंग्रजी अक्षरांचा तुकडा. तो कुणासाठी असतो? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. पण दंडाच्या भीतीनं खरं बोलावं असं मला म्हणायचं नाही. ‘हे जेवण मला फुकट मिळालं’ हे पाच शब्द लिहायला जागा लागत नाही. ते पहिल्या परिच्छेदात यावेत, एवढंच मागणं आहे.

तिसरा युक्तिवाद मात्र खरा आहे, आणि त्यापाशी मी बराच काळ थांबले. एक मुलगी मला म्हणाली, ‘ताई, राइकलबाईंचं बिल त्यांचा पेपर भरायचा. माझं कोण भरणार?’ कुणीच भरणार नाही. मराठीत जेवणाबद्दल लिहून स्वतःच्या पैशानं एका हॉटेलात तीनदा जेवता येईल एवढं मानधन कुणी देत नाही. संपादकांनी, दिवाळी अंक काढणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा; पुरवणीभर खाद्यविषयक मजकूर आणि खर्चाला शून्य रुपये, यातूनच ही आमंत्रणं फोफावतात. पण त्या मुलीला मी जे सांगितलं तेही मला पूर्णपणे पटलेलं आहे. जे परवडतं त्यावर लिही. तुझ्या गल्लीतल्या मिसळीवर लिही, तीनदा खाऊन लिही. सकाळी आठची तर्री आणि अकराची तर्री यांतला फरक सांग. ते आज कुणीच सांगत नाही. फुकट जेवायलाच लागलं तर तसं सांगून जेव. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्येच जेवणावर लिहिणाऱ्या क्रेग क्लेबोर्न यांनी 1975 मध्ये पॅरिसमध्ये एकतीस पदार्थांचं, चार हजार डॉलरचं जेवण घेतलं. लिलावात तीनशे डॉलर देऊन मिळवलेलं ते बक्षीस होतं आणि बाकी पैसे एका क्रेडिट कार्ड कंपनीनं भरले, हे त्यांनी लिहून टाकलं. वाचक भयंकर संतापले. पण संतापण्यासाठी लागणारी सगळी माहिती क्लेबोर्न यांनीच त्यांच्या हातात दिली होती.

देणं पैशाचंच असतं असं नाही. पाककृतींच्या बाबतीत मला ‘रेसिपीवर कुणाचा हक्क नसतो’ हे वाक्य रोज ऐकू येतं. साहित्याच्या यादीवर मालकी सांगता येत नाही, हे कायद्यानंही बरोबर आहे. पण कमलाबाई ओगल्यांनी 1970 च्या ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचं जे माप बसवलं, त्यामागे किती वेळा फसलेला आणि पुन्हा केलेला पदार्थ असेल! ते माप जसंच्या तसं उचलून ‘माझी खास रेसिपी’ म्हणणाऱ्याला कायदा सोडून देईल, मी सोडणार नाही. ‘हे कमलाबाईंचं प्रमाण’ असं म्हटल्यानं कुणाचा पदार्थ बिघडत नाही.

आणि ‘अस्सल महाराष्ट्रीय जेवण’ असं शीर्षक देताना तर हात थबकायलाच हवा. शाहू पाटोळे यांनी 2015 मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या दलितांच्या चुली, वाळवलेल्या मांसाच्या चान्या, रक्ताची रक्ती, तेलाविना रांधलेलं कालवण आपल्यासमोर ठेवलं. पुस्तकाच्या नावातला तो एक ‘अ’ आमच्यासारख्या सगळ्या लिहिणाऱ्यांना उद्देशून आहे, असं मी मानते. पुरणपोळी, साबुदाण्याची खिचडी आणि मोदक एवढ्यावर महाराष्ट्र संपवणारा लेख लाखो लोकांचं ताट पुसून टाकतो. त्यात कुणाकडून पैसे घेतलेले नसले तरी.

शेवटचा युक्तिवाद दयेचा : गरिबाच्या गाडीवर वाईट लिहून त्याच्या पोटावर पाय का द्यायचा? इथं मी अर्धी सहमत आहे. एका चुकलेल्या दिवसावरून एका माणसाच्या गाडीची बदनामी करणं अन्याय आहे. पण दयेच्या नावाखाली होणारं नुकसान आम्ही मोजत नाही. न विचारता चुलीपुढच्या बाईच्या तोंडाजवळ मोबाइल धरायचा, पत्ता टाकायचा, लाखभर लोकांनी पाहिलं म्हणून खूश व्हायचं, आणि पुढच्या आठवड्यात दुसरं गाव. मागे उरते दोनशे माणसांची रांग, आणि त्या रांगेत आपली रोजची जागा गेलेला हमाल.

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यात एका बाईंच्या घरगुती खानावळीत जेवले. ज्वारीची भाकरी, आमटी, खरडा, दह्याची वाटी. साठ रुपये दिले, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा दिले. मग सांगितलं की मी जेवणावर लिहिते, तुमच्याबद्दल लिहू का? त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, थोडा विचार केला.

‘लिवा की. खरडा चांगला हाय म्हणून लिवा. पर पत्ता घालू नका ताई. माझ्यानं पंचवीसच ताटं व्हत्यात.’

खरडा फार चांगला होता.