जुनी मोटार आणि अश्वपरीक्षा

गेल्या महिन्यात लातुराहून आमच्या धाकट्या बंधूंचा दूरध्वनी आला. त्यांचे चिरंजीव चार वर्षांपासून इंग्लंडात नोकरीस आहेत. त्यांनी १९९१ सालची एक जुनी मोटार घेण्याचे मनात आणले आहे आणि तीही केवळ दोन माणसांची! "दादा, तुमचे तो ऐकतो. तुम्हीच त्याला समजवा," असे बंधू म्हणाले. त्यांच्या चिंतेचे कारण उघड होते. कन्येचे वैद्यकीय शिक्षण चालू असून तिच्या फीचा निम्मा भार ह्या चिरंजीवांनी आपण होऊन उचललेला आहे.

आमच्याही मनात प्रथम आले की, साफ नको म्हणून सांगावे. परंतु उभा जन्म शाळेत काढल्यामुळे एवढे आम्हांस ठाऊक आहे की, ज्या गोष्टीस आपण नुसते 'नको' म्हणतो, तिची गोडी मुलांस दुप्पट वाटू लागते. म्हणून नन्नाचा पाढा न वाचता आधी ती मोटार समजून घ्यावी असे आम्ही ठरविले. काही पुतण्याने सांगितले, काही आमच्या गल्लीतील मोटारमिस्त्रींनी.

ही मोटार म्हणजे टोयोटा एमआर-२. तिचा हा दुसरा अवतार १९८९ पासून १९९९ पर्यंत निघत असे. तिचे इंजिन पुढे नसून बैठकीच्या पाठीमागे, परंतु मागील चाकांच्या आसाच्या अलीकडे, असे मध्यभागी असते. हे ऐकून वाचकांनी दचकू नये. २०१९ पर्यंत निघत असलेल्या आपल्या मारुती ओम्नीचे इंजिनही पुढील बैठकीखालीच असे, आणि उन्हाळ्यात नांदेडहून लातुरास जाताना त्याची ऊब अनेकांनी अनुभविली असेल. फरक हेतूचा आहे. ओम्नीत माणसांस व सामानास जागा व्हावी म्हणून ती योजना होती. येथे भार मध्यावर आल्याने मोटार चपळाईने वळावी म्हणून आहे.

मात्र ह्याच गुणात दोषही दडलेला आहे. भरधाव वळणावर घाबरून चालकाने एक्सिलरेटर एकदम सोडला की भार पुढे झुकतो, मागील चाकांची पकड सुटते आणि मोटार गर्रकन फिरते. ह्या अवताराच्या आरंभीच्या मोटारी त्याबद्दल विशेष बदनाम होत्या. पुढे कंपनीने चाकांच्या जोडणीत सुधारणा केली. पुतण्याने पाहिलेली मोटार आरंभीचीच होती.

दुसरी गोष्ट पाण्याची. इंजिन मध्यभागी आणि ते थंड करणारा रेडिएटर मात्र नाकाशी. त्यामुळे पाणी मोटारीच्या पोटाखालून लांब नळ्यांनी न्यावे-आणावे लागते. लातूरकरांस हे अधिक समजावून सांगणे नलगे. २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी येत होते, तेव्हा दूरच्या पाण्यावर जगणे म्हणजे काय हे त्यांनी पाहिले आहे. विलायतेत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्याने ह्या नळ्या व चाकांवरील पत्रा गंजतो. नळी फुटली की इंजिन तापून निकामी झालेच म्हणून समजावे.

येथे आम्हांस नलराजाची आठवण झाली. बाहुकाच्या वेषात असताना त्याने ऋतुपर्णाच्या रथासाठी दिसावयास कृश असे घोडे निवडले. राजा रागावला, पण त्याच घोड्यांनी त्याला एका दिवसात विदर्भास पोचविले. आमच्या जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेत आजही जाणता गिऱ्हाईक घोड्याच्या झुलीकडे पाहत नाही. तो दात पाहतो, खूर उचलतो आणि घोडा चालवून पाहतो.

तेव्हा आम्ही पुतण्यास पाच गोष्टी लिहून पाठविल्या. इंजिन थंड असताना मोटार पाहावी. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असेल तर का, ते विचारावे. पोटाखाली शिरून नळ्या व पत्रा तपासावा. नुकताच फासलेला काळा रंग दिसल्यास सावध व्हावे. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला ह्याची पावती मागावी. तेथील सरकारी वार्षिक तपासणीच्या नोंदी कोणासही पाहता येतात, त्या वर्षानुवर्षे लावून वाचाव्या. आणि पाचवी ही की, बहिणीच्या फीची रक्कम बाजूस काढून, दुरुस्तीची रक्कमही वेगळी ठेवून, मगच उरलेल्या पैशात मोटार बसते का ते पाहावे.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. मोटार लालभडक व चकचकीत होती. परंतु नोंदींत सलग तीन वर्षे गंजाचा उल्लेख होता आणि नळ्यांवर काळा रंग ताजा होता. ती त्याने सोडली. नंतर दुसरी एक, उडालेल्या रंगाची, पण पावत्यांची जाड फाईल असलेली सापडली. ती त्यास मनापासून आवडली. तथापि पाचवी परीक्षा करता ह्या वर्षी पैसे पुरत नाहीत असे त्याचे त्यालाच दिसून आले. "काका, मोटार पास झाली, मी नापास झालो. पुढच्या वर्षी पुन्हा बसतो," असे त्याने लिहिले आहे.

आम्ही ते पत्र बंधूंस वाचून दाखविले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पुढच्या वर्षी त्याला कमी पडले, तर थोडे मी घालीन." मोटारीचे काय व्हावयाचे ते होवो, मुलगा जाणता झाला, हा लाभ आमच्या मते मोठा आहे. घरातील वडील मंडळींनी निर्णय हाती ठेवण्यापेक्षा परीक्षेची रीत मुलांच्या हाती द्यावी, एवढेच वाचकांस सुचवावेसे वाटते.