पाली फक्त दर्शनापुरती नाही!

पालीला तुम्ही गेला असालच. बल्लाळेश्वराचं दर्शन, मागच्या सरसगडाबरोबर एक सेल्फी, वडापाव आणि परत. देवळातली मोठी घंटा आठवते? १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून आणलेल्या घंटांपैकी ती एक. आपण तिच्याखालून घाईघाईत निघून जातो.

त्याहून जुना इतिहास तर नाडसूरजवळच्या जंगलात आहे. ठाणाळ्याची २३ बौद्ध लेणी, वय सुमारे दोन हजार वर्षं! चैत्यगृह, विहार, स्मारक स्तूप, सगळं कातळात कोरलेलं. कोकणातली बंदरं आणि घाटमाथा जोडणाऱ्या जुन्या वाटेजवळचा हा मुक्काम.

पण एकटे जाऊ नका. वाटा फुटतात, चुकायला वेळ लागत नाही. गावातला वाटाड्या घ्या, जमल्यास एखादा अभ्यासक. नाहीतर विहारातला दगडी ओटा म्हणजे भिक्खूंचा बिछाना, हे कोण सांगणार? वाटाड्याला दिलेले पैसे गावात राहतात आणि त्याच्या येण्याजाण्याने लेण्यांवर लक्षही राहतं. कोणी फिरकत नाही तिथे भिंतींवर बदाम आणि नावं कोरणाऱ्यांचं फावतं.

कॉलेजांनाही एक विनंती. ‘आयव्ही’च्या नावाने रिसॉर्ट पुष्कळ झाले. यंदा पाऊस सरला की एक रविवार ठाणाळ्याला द्या. आणि तुम्ही, वर्गात हा विषय आधी काढा. सर ‘बघू’ म्हणतील. सोडू नका.