हाक पोचते, नाव पोचत नाही

२०१७ सालच्या डिसेंबर महिन्याच्या आरंभी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला ६८ मासेमारी नौका आसऱ्याला आल्या. त्यांपैकी ६६ केरळच्या आणि दोन तामिळनाडूच्या होत्या, आणि त्यांवर ९५२ माणसे होती. ‘ओखी’ चक्रीवादळाच्या तडाख्यातून ती वाचली होती. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी ही संख्या जाहीर केली तेव्हा तिकडे केरळात बेपत्ता माणसांची मोजदाद चालू होती, आणि सरकारची यादी व किनाऱ्यावरील चर्चची यादी यांचा मेळ बसत नव्हता. वादळाची सूचना वेळेवर मिळाली की नाही, यावर पुढे बरेच दिवस वाद झाला व तो योग्यही होता. परंतु त्या गदारोळात दुसरा एक प्रश्न मागे पडला. त्या रात्री समुद्रावर नेमके कोण होते, याची खात्रीलायक नोंद कोणापाशी होती? माणूस बुडाला की वाचला हे ठरवण्यापूर्वी तो गेला होता हे तरी ठाऊक असावे लागते.

समुद्रातून हाक मारण्याची साधने आज आहेत, आणि ती चांगली आहेत. संकटसूचक बीकन हे त्यांतील प्रमुख. मोठ्या जहाजावर ते अशा खोबणीत बसवलेले असते की जहाज बुडू लागताच पाण्याच्या दाबाने ते आपोआप सुटावे, वर तरंगावे आणि ४०६ मेगाहर्ट्झवर साधारण पन्नास सेकंदांनी एकदा संदेश पाठवीत राहावे. त्याची बॅटरी किमान ४८ तास चालावी असा दंडक आहे. हे संदेश टिपणारी ‘कोस्पास-सारसॅट’ ही उपग्रह योजना सोव्हिएत रशिया, अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्स यांनी १९७९ साली ठरवली. एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून बसलेल्या दोन महासत्तांनी संकटातील माणसाच्या बाबतीत मात्र हातमिळवणी केली, हे त्या काळातील एक नवलच म्हणावे लागेल. पहिला उपग्रह सोव्हिएतांनी १९८२ च्या जूनअखेर सोडला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याच्या साहाय्याने कॅनडात कोसळलेल्या एका छोट्या विमानातील तीन माणसे वाचली. तेव्हापासून या योजनेमुळे जगभर वाचलेल्यांची संख्या साठ हजारांच्या वर गेली आहे. भारतही तिचा भागीदार आहे. ‘इस्रो’चे बंगळूरचे केंद्र हे संदेश घेते आणि मुंबई, चेन्नई व पोर्ट ब्लेअर येथील तटरक्षक दलाच्या बचाव केंद्रांकडे पाठवते.

आरंभीच्या काळात या साधनांत एक मोठे न्यून होते. जुनी यंत्रे १२१.५ मेगाहर्ट्झवर नुसता आवाज करीत. आवाज कोणाचा हे त्यांना सांगता येत नसे. २००४ साली अमेरिकेतील ऑरेगन राज्यात उपग्रहाने असाच एक संकटनाद टिपला. बचावपथक शोध घेत एका विद्यार्थ्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. नाद करीत होता तो त्याचा बिघडलेला दूरचित्रवाणी संच! अशा प्रकारांनी बचावयंत्रणा जेरीस आल्या आणि २००९ च्या फेब्रुवारीपासून उपग्रहांनी त्या जुन्या लहरी ऐकणेच बंद केले. नव्या यंत्राच्या प्रत्येक संदेशात त्याचा स्वतःचा क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकात ते कोणत्या देशाचे हेही सांगितलेले असते.

पण क्रमांक म्हणजे नाव नव्हे. शाळेच्या पटावर नाव नसेल तर हजेरीचा क्रमांक जसा निरर्थक ठरतो, तसेच येथे होते. क्रमांकापुढे नौकेचे नाव, तिचा रंग व लांबी, मालकाचा दूरध्वनी, घरच्या आणखी एकदोघांचे दूरध्वनी आणि नौकेवर साधारण किती माणसे असतात हे कोणीतरी नोंदवून ठेवलेले असेल, तरच तो बोलका होतो. यालाच बीकनची नोंदणी म्हणतात. नोंद नसली म्हणून बचाव नाकारला जातो असे मुळीच नाही; शोध घेतलाच जातो. फरक पडतो तो पहिल्या तासाभरात. नोंद असेल तर बचाव केंद्रातील अधिकारी प्रथम दूरध्वनी उचलतो. घरची मंडळी सांगतात, नौका काल पहाटे गेली आहे, सहा माणसे आहेत, अमुक दिशेला जाणार होती. किंवा सांगतात, नौका तर बंदरातच आहे, रंगकाम चालू आहे. दोन्ही उत्तरे सारख्याच मोलाची असतात. कारण या यंत्रांच्या हाकांपैकी बहुतांश हाका खोट्या निघतात, हा जगभरचा अनुभव आहे. धुताना कळ दाबली जाते, तपासणी चुकीच्या रीतीने होते, जुने यंत्र बॅटरी न काढता भंगारात जाते आणि भंगाराच्या ढिगातून हाक मारीत राहते. अशा प्रत्येक हाकेमागे विमान धाडले, तर खऱ्या हाकेच्या वेळी ते भलतीकडेच असायचे. हा निवाडा एका दूरध्वनीत होऊ शकतो. मात्र तो क्रमांक चालू असला पाहिजे.

नोंद आणि यंत्र दोन्ही ठीक असतील तर काय घडते, याचे उदाहरण भारतीयांना २०१८ साली पाहायला मिळाले. पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’ या शिडाच्या नौकेची डोलकाठी मोडली आणि पाठीच्या दुखापतीने त्यांना हलता येईना. ऑस्ट्रेलियाचा किनारा तेथून सुमारे १९०० सागरी मैल दूर होता. पण संदेश आला तेव्हा नौका कोणती, एकटा माणूस कोण, शर्यतीचे आयोजक कोण, हे सारे बचाव केंद्राला आधीच माहीत होते. भारताचे टेहळणी विमान त्यांच्या नौकेवरून फिरून आले आणि तिसऱ्या दिवशी ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्तीनौकेने त्यांना उचलले. याच्या उलट, २०१५ च्या ऑक्टोबरात बहामाजवळ वादळात बुडालेल्या ‘एल फारो’ या अमेरिकी मालवाहू जहाजाच्या बीकनचा संदेश उपग्रहापर्यंत पोचला. पण यंत्रात स्थान सांगणारी सोय नव्हती आणि संदेश थोड्याच वेळात थांबला. ठिकाण कळलेच नाही. जहाजावरील ३३ जणांपैकी एकही वाचला नाही. वादळच इतके भयंकर होते की ठिकाण कळूनही कोणी वाचले असते असे म्हणवत नाही. पण यंत्र जहाजावर आहे एवढ्याने निश्चिंत राहता येत नाही, हे मात्र त्यातून दिसले.

आंतरराष्ट्रीय सफरी करणाऱ्या मोठ्या जहाजांवर हे यंत्र सक्तीचे आहे व त्याची वार्षिक तपासणी होते. साखरीनाटे, हर्णे, मिरकरवाडा, ससून डॉक येथून निघणाऱ्या ट्रॉलरांना ते नियम लागू नाहीत. त्यांच्यासाठी ‘इस्रो’ने स्वस्त संकटसंदेश यंत्र तयार केले. २०१० पासून अशी वीस हजारांहून अधिक यंत्रे वापरात आली. आग, नौका बुडणे, माणूस पाण्यात पडणे, आजारपण यांसाठी त्यात वेगवेगळ्या सूचना आहेत. पहिल्या यंत्रात एक क्रूर उणीव होती. कळ दाबणाऱ्याला आपली हाक कोणी ऐकली की नाही हे कळतच नसे. जानेवारी २०२४ मध्ये कार्यान्वित झालेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात किनाऱ्याकडून पोच मिळते. त्याच वर्षी ऑगस्टअखेर पालघर येथे पंतप्रधानांनी एक लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाधारित संदेशयंत्रे बसविण्याच्या योजनेचा आरंभ केला. तिचा खर्च सुमारे ३६० कोटी रुपये आहे. सरकार यंत्र देत आहे, यात शंका नाही.

यंत्रापुढचे काम मात्र कारकुनी आहे, आणि म्हणूनच ते दुर्लक्षित राहण्याचा धोका आहे. कोकणात नौका विकल्या जातात, भावाभावांत वाटल्या जातात, रत्नागिरीची नौका रायगडात जाते. नाखवा बदलतो; यंत्र त्याच केबिनमध्ये खिळलेले राहते. तांडेल बदलतो. मोबाइलचा क्रमांक तर बदलतोच. खलाशांचे म्हणावे तर मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर नेपाळचे आणि कर्नाटकाचे तरुण असतात, पालघरचे खलाशी गुजरातेत जातात. हंगामागणिक, कधीकधी फेरीगणिक माणसे निराळी. अशा स्थितीत खरेदीच्या दिवशी भरलेला अर्ज दोन वर्षांनी कितपत खरा राहणार? हाक बंगळूरला पोचेल, तेथून मुंबईला पोचेल, आणि मुंबईहून फिरवलेला दूरध्वनी नौका विकून मोकळ्या झालेल्या एखाद्या गृहस्थाच्या घरी वाजेल.

सरकारला नोंदणी जमत नाही असेही नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवून दहशतवादी मुंबईत उतरले, त्यानंतर नौकांना राज्यवार रंग आले, खलाशांना ओळखपत्रे आली, नौकांची नोंदणी व परवाने ‘रिअलक्राफ्ट’ या देशव्यापी संगणकीय दप्तरात गेले. संशयापोटी जी दक्षता दाखवली ती कळकळीपोटी दाखवणे अशक्य नसावे. मच्छीमारांच्या मनात मात्र नेमकी इथेच अढी असते. नौका कोठे आहे हे सतत दाखवणारे यंत्र म्हणजे पाळत, असे अनेकांना वाटते. मासळीची जागा दुसऱ्याला कळेल, हद्द ओलांडल्याचा दंड बसेल, ही भीती आहे. ती सगळीच निराधार नाही. म्हणून संकटाच्या नोंदीतील माहिती दंडाच्या कामी वापरली जाणार नाही, असे लेखी अभय द्यावे लागेल. उपदेशाने हे काम होणार नाही.

बाकीचे करणे अवघड नाही. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली नौकेला परवाना घ्यावाच लागतो. परवान्याचे नूतनीकरण होताना यंत्राचा क्रमांक, बॅटरीची मुदत आणि घरचे दोन चालू दूरध्वनी यांची पडताळणी तेथल्या तेथे करता येईल. परवाना अधिकाऱ्याने दूरध्वनी लावून पाहावा, एवढेच. मालकी बदलल्याची नोंद ‘रिअलक्राफ्ट’मध्ये होताच यंत्राच्या नोंदीतही आपोआप बदल व्हावा, त्यासाठी दोन दप्तरांनी एकमेकांशी बोलायला हवे. दर फेरीला निघण्यापूर्वी तांडेलाने खलाशांची यादी किनाऱ्यावर मच्छीमार सहकारी संस्थेत ठेवावी. पावसाळ्यातील बंदीचे दोन महिने नौका किनाऱ्याला ओढलेल्या असतात, जाळी विणली जातात, इंजिने उघडली जातात. यंत्राची चाचणी कशी घ्यावी, खोटी हाक गेली तर तटरक्षक दलाला १५५४ या क्रमांकावर ताबडतोब कसे कळवावे, आणि जुने यंत्र भंगारात टाकण्यापूर्वी त्याची बॅटरी कशी काढावी, हे शिकवायला वर्षातून तेवढाच निवांत वेळ मिळतो. नारळी पौर्णिमेच्या सुमारास नौका पुन्हा पाण्यात उतरतात; पडताळणीचा अर्ज त्याआधी भरलेला असावा.