सिम्युलेटरमध्ये विमान पाडून अपघाताचं कारण सापडतं का?

१२ जून २०२५ रोजी दुपारी अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७८७-८ विमान टेकऑफनंतर काही सेकंदांतच मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलवर कोसळलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जण गेले. त्यानंतर यूट्यूबवर आणि रील्समध्ये एका वेगळ्याच प्रकारच्या व्हिडिओंचा पाऊस पडला: फ्लाइट सिम्युलेटरमध्ये तेच विमान, तीच धावपट्टी, तसाच शेवट आणि वर ठळक अक्षरात ‘हेच घडलं!’ काही न्यूज चॅनेलनीही अशी ग्राफिक्स वापरली. व्हॉट्सॲपवर फिरता फिरता त्यातल्या बऱ्याच क्लिप्स पुरावा म्हणूनच पाहिल्या गेल्या.

प्रश्न साधा आहे. घरच्या पीसीवरचा सिम्युलेटर असं काही सांगू शकतो का? थोडं सांगू शकतो. पण नेमकं काय, ते समजून घेऊ.

घरचा सिम्युलेटर किती खरा?

आजचे सिम्युलेटर म्हणजे नुसते गेम नाहीत. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ चालवायला किमान १६ जीबी रॅम लागते, कंपनीची शिफारस ३२ जीबीची आहे. नकाशा आणि इमारती इंटरनेटवरून लाइव्ह उतरतात, म्हणून नेटही दमदार हवं. एक्स-प्लेन १२ हा दुसरा मोठा पर्याय. तो पंखाचे छोटे छोटे भाग करून प्रत्येक भागावर हवेचा जोर किती पडतो, ते सतत मोजत राहतो.

पण खरी मेख विमानाच्या मॉडेलमध्ये असते. सिम्युलेटरसोबत येणारं विमान आणि फेनिक्स किंवा पीएमडीजी यांचं विकत घ्यायचं विमान यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. महागड्या मॉडेलमध्ये इंधन, हायड्रॉलिक्स, वीज अशा यंत्रणा बऱ्याच बारकाईने बसवलेल्या असतात. टेकऑफचा हिशोब करणारा टॅबलेटही कॉकपिटमध्ये असतो. तरीही इंजिन बंद पडलं तर विमान नेमकं कसं वागेल, याचा कंपनीकडचा संपूर्ण डेटा या मॉडेलमागे असेलच असं नाही. रोजच्या उड्डाणात मॉडेल छान चालतं, पण अपघात म्हणजे रोजचं उड्डाण नव्हे.

टेकऑफचा हिशोब

प्रत्येक टेकऑफआधी पायलट काही गोष्टी टॅबलेटमध्ये भरतात: विमानाचं वजन, तापमान, वारा, हवेचा दाब, धावपट्टीची लांबी आणि ती ओली की कोरडी. त्यातून ठरतं, फ्लॅप किती उघडायचे, इंजिनाची ताकद किती लावायची आणि तीन वेग कोणते.

• व्ही-१: इथपर्यंत टेकऑफ रद्द करता येतो. हा वेग ओलांडला की उडायचंच.
• व्ही-आर: इथे विमानाचं नाक वर उचलायचं.
• व्ही-२: एक इंजिन गेलं तरी सुरक्षित चढता येईल असा वेग.

उन्हाळ्यात हा हिशोब अवघड होतो. ३७ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण ७ टक्के विरळ असते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाला हवा कमी मिळते, धावपट्टी जास्त लागते. म्हणून ‘उकाडा होता, विमान जड होतं, उचललंच नाही’ ही थिअरी पहिल्या दिवसापासून चालली. दुसरी थिअरी होती, फ्लॅप उघडलेच नव्हते. तिसरी, विमानाने अर्ध्या धावपट्टीवरूनच टेकऑफ घेतला.

अहवालात काय निघालं?

विमान अपघात तपास विभागाने म्हणजे एएआयबीने जुलै २०२५ मध्ये प्राथमिक अहवाल दिला. वजन २,१३,४०१ किलो होतं, परवानगी २,१८,१८३ किलोची होती. विमान मागे जाऊन धावपट्टीच्या टोकावरून सुटलं होतं. फ्लॅपचा दांडा ५ अंशांवर, म्हणजे टेकऑफसाठी योग्य जागी सापडला. ७८७ चे ५ अंशांचे फ्लॅप लांबून काढलेल्या धूसर मोबाइल व्हिडिओत दिसणं कठीणच, पण ‘दिसत नाहीत म्हणजे नव्हतेच’ असा निष्कर्ष निघून मोकळा झाला होता.

आता वेग बघा. व्ही-१ होता १५३ नॉट, व्ही-आर १५५, व्ही-२ १६२. विमानाने गाठलेला कमाल वेग १८० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३३३ किलोमीटर. व्ही-२ पेक्षा १८ नॉट जास्त. टेकऑफचा हिशोब चुकला असता तर हा आकडा असा दिसला नसता. विमान नीट उडालं होतं.

त्यानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘रन’वरून ‘कटऑफ’वर गेले. सुमारे १० सेकंदांनी पहिला आणि आणखी ४ सेकंदांनी दुसरा परत ‘रन’वर आला. पण चाकांनी जमीन सोडल्यापासून रेकॉर्डिंग थांबेपर्यंत एकूण वेळ होता फक्त ३२ सेकंद. इंजिनं पुन्हा पूर्ण ताकदीवर यायला तेवढा वेळ पुरला नाही.

क्लिप जुळली म्हणून कारण जुळत नाही

इथे सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा येतो. सिम्युलेटरला तुम्ही विचारू शकता, ‘असं केलं तर काय होईल?’ तो उत्तर देतो. पण ‘असं झालं, मग आधी काय केलं असेल?’ हा उलटा प्रश्न त्याला सुटत नाही. फ्लॅप वेळेआधी मिटा, ताकद कमी ठेवा किंवा दोन्ही इंजिनं बंद करा, तिन्ही वेळा विमान खालीच बसेल आणि लांबून व्हिडिओ जवळपास सारखाच दिसेल.

वर आकडेही चुकीचे भरले जातात. पहिल्या दिवशी ‘विमान ६२५ फुटांवर पोचलं’ असं सगळीकडे फिरलं. ती उंची हवेच्या प्रमाण दाबावरून मोजलेली होती, जमिनीपासून नव्हे, आणि अहमदाबादचा विमानतळ स्वतःच समुद्रसपाटीपासून साधारण २०० फूट उंच आहे. ६२५ जमिनीपासून धरून बनवलेली क्लिप सुरुवातीलाच फसली.

खरे तपास अधिकारीही सिम्युलेटर वापरतात. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरलेल्या विमानाच्या तपासात पायलटना विचारलं गेलं, परत धावपट्टीवर येता आलं असतं का? पक्षी धडकताच लगेच वळलं तर काही वेळा जमलं. पण परिस्थिती ओळखून निर्णय घ्यायला लागणारी ३५ सेकंदं धरली, तर विमान पोचलं नाही. फरक लक्षात घ्या: तिथे वेग, उंची, वजन ब्लॅक बॉक्समधून आलं होतं आणि प्रश्न नेमका होता.

अहमदाबादच्या बाबतीत तर उरलेला प्रश्न सिम्युलेटरच्या पलीकडचाच आहे. कॉकपिटमधल्या रेकॉर्डिंगमध्ये एक पायलट दुसऱ्याला इंधन का बंद केलं असं विचारतो, दुसरा म्हणतो आपण केलं नाही. कोण कोणाला म्हणालं, हे प्राथमिक अहवाल सांगत नाही. स्विच का हलले, हेही सांगत नाही. सिम्युलेटरमध्ये तो स्विच माउसच्या एका क्लिकवर हलतो, खऱ्या विमानात तो आधी वर उचलून मग सरकवावा लागतो. माउसवाल्या क्लिपवरून एखाद्या पायलटला दोषी ठरवणं म्हणजे बाजू मांडायला हयात नसलेल्या माणसावर आणि त्याच्या घरच्यांवर अन्याय आहे.

पुढच्या वेळी क्लिप आली तर

१. कोणता सिम्युलेटर, कोणतं मॉडेल, वजन आणि तापमान किती भरलं, हे सांगितलंय का?
२. एकच शक्यता दाखवली, की बाकीच्याही करून पाहिल्या?
३. आकडे अधिकृत अहवालातले आहेत, की अपघाताच्या पहिल्या तासातले?
४. ‘असं होऊ शकतं’ म्हणतायत, की ‘असंच झालं’?

चौथ्याचं उत्तर ‘असंच झालं’ असेल, तर फॉरवर्डचं बटण दाबू नका. सिम्युलेटर मात्र जरूर चालवा. ३७ अंशांत भरलेलं विमान उचलून बघा, मग तेच १५ अंशांत. व्ही-१ म्हणजे काय, ते दहा व्हिडिओंपेक्षा त्यातून लवकर कळेल.