पहिला कोण, हे ठरवते कोण?

१२ फेब्रुवारी २०२३, रविवार. माझा मुलगा तेव्हा आठवीत होता. सकाळी नाश्ता तसाच टाकून तो आणि माझा भाचा मोबाइलला डोके लावून बसले होते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात दागेस्तानचा इस्लाम माखाचेव आणि ऑस्ट्रेलियाचाच अलेक्झांडर वोल्कानोव्स्की यांची एमएमएची, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सची लढत चालू होती. पाच फेऱ्या झाल्या. तिन्ही पंचांनी इस्लामला विजयी ठरवले : ४८-४७, ४८-४७, ४९-४६. पोरांनी घर डोक्यावर घेतले.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी मुलगा शाळेतून आला तो दप्तर न उतरवताच म्हणाला, "अम्मी, हे कसलं गणित? दुसऱ्या नंबरच्याने पहिल्याला हरवलं, तरी पहिला पहिलाच आणि दुसरा दुसराच!"

मला वाटले, पोराने वाचताना घोळ केला असेल. घोळ नव्हता. यूएफसी या कंपनीच्या यादीत वोल्कानोव्स्की हरूनही पहिलाच राहिला होता. मारामारीचा हा खेळ मला पाहवत नाही, तो मुलांनी पाहावा की नाही यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. पण नंबर लावणे हे माझे रोजचे काम. वीस वर्षे निकालपत्रके भरते आहे. म्हणून म्हटले, बघू तरी हे निकालपत्रक कोण भरते.

यूएफसीची ही क्रमवारी फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाली. कंपनीने पत्रकारांचे एक मंडळ नेमले आहे. लढती झाल्या की त्यातला प्रत्येक जण प्रत्येक वजनगटासाठी आपापली यादी देतो, त्या मतांची बेरीज होते आणि पंधरा जणांची नवी यादी लागते. त्या गटाच्या विजेत्याला नंबर नसतो, तो सगळ्यांच्या वर धरलेला असतो. मत द्यायचे ते फक्त सध्या कंपनीत लढत असलेल्या खेळाडूलाच. एकच खेळाडू दोन गटांच्या यादीत असू शकतो. नियम एवढेच. कोणत्या विजयाला किती गुण, जुन्या पराभवाचे किती वजा, असे कुठे काही नाही. मत देणाऱ्याच्या मनात जे असेल ते.

शिवाय एक यादी अशी, ज्यात सगळे वजनगट एकत्र करून सर्वश्रेष्ठ कोण ते ठरवतात. समजा, सगळ्यांचे वजन सारखे असते तर कोण जिंकला असता? मुलाचा राग होता तो याच यादीवर. आणि इथे मला त्याला थोडे थांबवावे लागले. वोल्कानोव्स्की हा १४५ पौंडांच्या गटाचा विजेता. तो १५५ पौंडांच्या गटात, इस्लामच्या घरात जाऊन लढला आणि थोडक्यात हरला. त्यामुळे 'वजन सारखे असते तर' या प्रश्नाचे उत्तर पराभवानंतरही त्याच्याच बाजूने जाते, असे कोणी म्हटले तर ते अगदीच खोटे नाही. मुलाला ते पटले नाही. त्याला खरे-खोटे करायला आठ महिने लागले. ऑक्टोबरमध्ये अबुधाबीत दोघे पुन्हा भिडले आणि इस्लामने पहिल्याच फेरीत डोक्यावर लाथ मारून लढत संपवली.

कुस्तीच्या आखाड्यात कसे, जोड्या लागतात, हरणारा बाहेर जातो, शेवटी एक उरतो. इथे तशी स्पर्धा नाही. एक खेळाडू वर्षाला दोन-तीनदा लढतो, तेही कंपनी ज्याच्याशी जोडी लावेल त्याच्याशी. मग यादी बनवणाऱ्याची खरी पंचाईत होते. १८५ पौंडांच्या गटातले उदाहरण घ्या. जुलै २०२२ मध्ये अॅलेक्स परेराने शॉन स्ट्रिकलंडला पाडले. एप्रिल २०२३ मध्ये इस्राएल अॅडेसान्याने परेराला पाडले. सप्टेंबर २०२३ मध्ये स्ट्रिकलंडने अॅडेसान्याला हरवले. आता लावा नंबर! हा प्रश्न मी स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांना घातला. ते म्हणाले, "मॅडम, याला उत्तर नाही, याला फक्त मत आहे."

मत असायला माझी हरकत नाही. निबंधाला गुण देताना मीही मतच देते. हरकत आहे ती पुढच्या गोष्टीला. खेळाडूंशी करार करते ती कंपनी, जोड्या लावते ती कंपनी, पट्टा देते ती कंपनी आणि क्रमवारीचे मंडळही त्याच कंपनीचे. म्हणूनच अनेक मोठ्या क्रीडा माध्यमांचे पत्रकार या मंडळात बसत नाहीत. आणि एवढे करून कंपनी ती यादी पाळतेच असे नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये मँचेस्टरला मायकल बिस्पिंगच्या पट्ट्यासाठी लढायची संधी डॅन हेंडरसनला मिळाली. वय ४६, यादीत पहिल्या दहातही नाही. पण सात वर्षांपूर्वी त्याने बिस्पिंगला एका ठोशात झोपवले होते, लोकांना त्या लढतीचा बदला पाहायचा होता, तिकिटे खपणार होती. यादीत त्याच्या वर असलेल्यांनी काय समजायचे?

नंबराने पोट भरत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक हकिगत. डिसेंबर २०१४ मध्ये यूएफसीने रीबॉक कंपनीशी कपड्यांचा करार जाहीर केला आणि सांगितले की, खेळाडूंना त्यातले पैसे क्रमवारीनुसार मिळतील. म्हणजे काही पत्रकारांच्या मतावर खेळाडूची कमाई! ओरड झाली. २०१५ मध्ये करार प्रत्यक्ष लागू होण्याआधीच हिशोब बदलला, किती लढती लढलात त्यावर पैसे ठरले. नवख्याला एका लढतीचे २,५०० डॉलर, विजेत्याला ४०,०००. ज्या क्रमवारीवर कंपनीला स्वतःचे पैसे वाटायचा भरवसा वाटला नाही, तीच क्रमवारी ती दर आठवड्याला जगाला दाखवते.

बॉक्सिंगमध्येही क्रमवारीच्या भानगडी कमी नव्हत्या. म्हणून अमेरिकेने २००० साली कायदा केला. त्याला नाव आहे मुहम्मद अली यांचे. त्या कायद्याप्रमाणे क्रमवारी लावणाऱ्या संस्थेने आपले निकष लिहून ठेवले पाहिजेत. पहिल्या दहातल्या कोणाचा नंबर हलवला तर त्याचे कारण जाहीर केले पाहिजे. आणि एखाद्या बॉक्सरने विचारले, माझा नंबर असा का, तर सात दिवसांत लेखी उत्तर दिले पाहिजे. हा कायदा एमएमएला लागू नाही. स्वतः एमएमए लढलेले मार्कवेन मलिन खासदार झाल्यावर त्यांनी २०१६ मध्ये तो लागू करण्याचे विधेयक मांडले होते, ते मंजूर झाले नाही.

हे वाचताना मला काही वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. सातवीच्या दोन मुलींत अर्ध्या गुणाचा फरक होता. दुसरी आलेल्या मुलीची आई, बिडीकामाची मजुरी बुडवून, बुरख्याला लागलेली तंबाखू झटकत स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. "मॅडम, बच्चीला काय कमी पडलं, तेवढं दाखवा." मी कपाट उघडून दोन्ही उत्तरपत्रिका समोर ठेवल्या. तिला वाचता येत नव्हते, मी एकेक प्रश्न वाचून दाखवला. चौथ्या प्रश्नात माझीच बेरीज चुकली होती. त्या दिवशी दोघी पहिल्या आल्या.

आणि खबीब नुरमागोमेदोव? ऑक्टोबर २०२० मध्ये अबुधाबीत २९ वी लढत जिंकून, एकही न हरता, त्याने निवृत्ती जाहीर केली. तीन महिन्यांपूर्वी वडील, जे त्याचे उस्तादही होते, वारले होते. वडिलांशिवाय लढणार नाही असा शब्द आईला दिल्याचे त्याने तिथेच सांगितले. आणि एकच मागणे मागितले, मला त्या मोठ्या यादीत पहिला करा. काही दिवसांत मंडळाने केले. निवृत्ती सांगून झालेला माणूस यादीत पहिला! पुढे २०२१ मध्ये नाव काढले ते कंपनीने निवृत्ती मान्य केल्यावर.

मुलाच्या गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याची स्वतःची क्रमवारी आहे. परवा पाहिली, खबीब अजून पहिलाच.

"अरे, तो तर कधीच सोडून गेला. यादीत कसा?"

"अम्मी, यादी माझी आहे."

"कारण लिहून दे. सात दिवस आहेत."