पडद्याआधी पुठ्ठा

शासन आणि नागरिक यांच्यामध्ये पूर्वी एक टेबल असे आणि टेबलापलीकडे तलाठी किंवा कारकून बसलेला असे. त्याच्याशी भांडता येत असे, त्याच्याविरुद्ध वर अर्ज करता येत असे, क्वचित प्रसंगी त्याला लाजही वाटत असे. आता त्या टेबलाची जागा फोनच्या पडद्याने घेतली आहे. पडद्यावर कोणता प्रश्न आधी विचारायचा, कोणते उत्तर ग्राह्य धरायचे, चुकलेल्याला मागे फिरू द्यायचे की नाही, हे सारे कोणीतरी, कोठेतरी बसून ठरविलेले असते. या आखणीला व्यवसायात 'इंटरफेस डिझाइन' असे म्हणतात आणि तो तंत्रज्ञांचा, फार तर चित्रकारांचा प्रांत मानला जातो. दुर्दैवाने चळवळीतील कार्यकर्त्यांनीही तसाच समज करून घेतला आहे. रेशनच्या यंत्रावर अंगठा जुळला नाही म्हणून मोर्चा निघतो, आणि तो निघालाच पाहिजे. पण अंगठा न जुळल्यास ते यंत्र पुढची वाट का दाखवीत नाही, ती वाट आखण्याच्या वेळी कोणाला विचारले होते, हा प्रश्न मोर्चाच्या निवेदनात सहसा नसतो.

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आंजी (मोठी) हे गाव या दृष्टीने डोळ्यांपुढे आणावे. कपाशी, सोयाबीन आणि तूर पिकविणारा हा भाग. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे कस्तुरबा ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रही येथेच आहे. म्हणजे हे काही जगापासून तुटलेले गाव नव्हे. तरीही अशा गावातील शेतकऱ्याला आपले पीक आणि अंगणवाडी सेविकेला बालकाचे वजन नोंदविताना जो पडदा वापरावा लागतो, तो गावात येतो तो पूर्ण तयार होऊनच. गावाच्या वाट्याला उरते ते फक्त प्रशिक्षण. ज्याने चप्पल शिवली त्याने पायाचे माप घेतलेले नाही; आणि चप्पल चावते अशी तक्रार आली की पायालाच चालण्याचे शिक्षण द्यायचे, असा हा न्याय आहे.

ई-पीक पाहणीचे उदाहरण येथे बोलके आहे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी महाराष्ट्रात ती सुरू झाली. तिच्यामागील कल्पना चांगली होती, हे मान्य केले पाहिजे. तलाठ्याने चावडीत बसून मागील वर्षाचेच पीक पुन्हा लिहावे, या जुन्या रीतीपेक्षा शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून आपले पीक जाहीर करावे, हे तत्त्व लोकशाहीला जवळचे आहे. परंतु तत्त्व आणि पडदा यांच्यात अंतर पडले. वर्धा-यवतमाळकडे कपाशीच्या ओळींमध्ये तुरीची ओळ घालण्याची जुनी पद्धत आहे. त्या शेतात मुख्य पीक कोणते, दुय्यम कोणते, आणि क्षेत्र कसे विभागायचे? शेतकरी ज्याला पऱ्हाटी म्हणतो त्याला पडदा कापूस म्हणतो, एवढे तो समजून घेतो. पण आपल्या शेताची वाटणी 'आर'मध्ये करून मागणारा पडदा त्याला परका वाटतो. चुकीचे बटण दाबले गेले तर काय, याचे उत्तर तर आरंभी मिळतच नव्हते. पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, सुधारित आवृत्ती आली. तिच्यात ४८ तासांच्या आत नोंद दुरुस्त करण्याची सोय झाली, मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिके नोंदविता येऊ लागली, मदतीचे बटण आले. या सुधारणांचे स्वागतच आहे. मात्र त्यांतील एकही सुधारणा अशी नाही की जी आंजीच्या एखाद्या शेताच्या बांधावर दोन दिवस बसलेल्या माणसाला आधीच सुचली नसती.

ही केवळ गैरसोयीची गोष्ट नाही. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना दोन हेक्टरच्या मर्यादेत हेक्टरी ५,००० रुपये देण्याचे २०२४ मध्ये ठरले, तेव्हा ई-पीक पाहणीतील नोंद ही पात्रतेची अट होती. ओरड झाल्यावर सातबाऱ्यावरील नोंदही ग्राह्य धरण्यात आली. ज्याने पेरले आणि वेचले, तो पडद्यावर नव्हता म्हणून शासनाच्या लेखी काही काळ शेतकरीच नव्हता!

अंगणवाडी सेविकांनी हेच अधिक धारदारपणे दाखवून दिले. मार्च २०२१ मध्ये केंद्र शासनाचे 'पोषण ट्रॅकर' आले. महाराष्ट्रातील सेविकांना त्यापूर्वीच्या मराठी नोंदप्रणालीची सवय झाली होती. नवा पडदा इंग्रजी होता आणि हाती दिलेले फोन जुने, तापणारे, अपुऱ्या साठवणीचे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत परत नेऊन दिले. या आंदोलनाकडे मानधनाच्या लढ्याची एक शाखा म्हणून पाहिले गेले. वस्तुतः महाराष्ट्रातील श्रमिक स्त्रियांनी एका पडद्याच्या आखणीवर केलेली ती जाहीर आणि सामुदायिक समीक्षा होती. पुढे त्या ॲपमध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषा आल्या; परंतु विचारल्यावाचून लादण्याची रीत गेली नाही. १ जुलै २०२५ पासून घरी न्यावयाचा आहार देण्यासाठी लाभार्थीचा चेहरा फोनने ओळखण्याची सक्ती झाली. चेहरा जुळला नाही, अथवा आधारला जोडलेला फोन रोजगारासाठी परगावी गेलेल्या नवऱ्याच्या खिशात असला, तर दारात उभ्या असलेल्या गरोदर बाईला काय सांगायचे, हे सेविकेने ठरवायचे!

वर्ध्याच्या कार्यकर्त्याला तरी याबाबत परंपरेचा शोध दूर जाऊन घ्यावा लागू नये. गांधीजी वर्ध्याला येण्याच्या आधीची, १९२९ सालची गोष्ट. अखिल भारत चरखा संघाने उत्तम चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटी आज पुन्हा वाचण्यासारख्या आहेत. चरखा वजनाने हलका असावा, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने सहज चालावा. बाईला फारसे श्रम न पडता त्यावर सलग आठ तास काम करता यावे. तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे. किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. आणि किरकोळ डागडुजीवर तो वीस वर्षे टिकावा. यंत्राच्या पोटात काय असावे याबद्दल अटींना फारशी चिंता नाही. कोणाच्या हाताखाली, कोणत्या घरात आणि किती वेळ ते चालेल, याची आहे. ते पारितोषिक अखेर कोणालाही मिळाले नाही. मोह पडण्याजोगी यंत्रे आली, तरी अटी सैल करण्यात आल्या नाहीत. आज शासकीय ॲपच्या निविदेत सर्व्हरची क्षमता असते, सुरक्षेची कलमे असतात. उन्हात उभ्या असलेल्या, चष्मा घरी विसरलेल्या साठ वर्षांच्या शेतकरणीला दहा मिनिटांत नोंद पुरी करता आली पाहिजे, अशी अट मात्र शोधूनही सापडणे कठीण.

दुसरी परंपरा उत्तर युरोपातील कामगार चळवळीची आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी नॉर्वेतील लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेने क्रिस्टन नीगार्ड या संगणकशास्त्रज्ञाला सोबत घेऊन कारखान्यात येणाऱ्या संगणकांचा अभ्यास स्वतः आरंभिला. १९७५ मध्ये तेथील कामगार महासंघ आणि मालक महासंघ यांच्यात नव्या तंत्राविषयी करार झाला. त्यानंतर १९८१ ते १९८५ या काळात स्वीडन आणि डेन्मार्कमधील संशोधकांनी छपाई कामगारांच्या संघटनेबरोबर 'यूटोपिया' हा प्रकल्प केला. वृत्तपत्राची पाने जुळविणाऱ्या कामगारांना संगणकावर काम करावे लागणार होते; पण त्यांना हवा तसा संगणक अस्तित्वातच नव्हता. तेव्हा त्यांनी लाकडी फळ्या, कागद आणि पुठ्ठ्याची खोकी घेऊन खोटा संगणक मांडला. एका रिकाम्या खोक्यावर 'लेझर प्रिंटर' असे लिहिले आणि त्यासमोर बसून खरे काम करून पाहिले. कोठे हात अडतो, कोठे डोळा चुकतो, हे कामगारच सांगू लागले. त्यातून घडलेली प्रणाली स्टॉकहोमच्या 'आफ्टोनब्लाडेट' या दैनिकात वापरून पाहण्यात आली. तिला बाजारात यश लाभले नाही. परंतु पुठ्ठ्याची पद्धत जगभर शिकविली गेली, बहुधा तिच्यामागील कामगार संघटनेचे नाव गाळून.

ही पद्धत आंजीत अमलात आणण्यास संगणक लागत नाही. फोनच्या आकाराचे पुठ्ठ्याचे तुकडे कापावेत आणि एकेकावर एकेक पडदा हाताने काढावा. वापरणाऱ्याने कागदावरील बटणावर बोट ठेवले की दुसऱ्या माणसाने पुढचा तुकडा समोर धरावा. तो माणूस म्हणजेच यंत्र. तिसऱ्याने केवळ पाहावे आणि लिहावे. बोलू नये, सुचवू तर मुळीच नये, कारण प्रत्यक्षात शेतकरी बांधावर एकटा असतो. 'समजले का?' हा प्रश्न तर वर्ज्यच मानावा. खेड्यातला माणूस पाहुण्याला दुखवायचे नाही म्हणून 'समजलं' असेच म्हणतो. त्याऐवजी काम द्यावे: कपाशीत तूर आहे, विहिरीजवळ थोडा भाजीपाला आहे, सातबाऱ्यावर तिघा भावांची नावे आहेत, नोंद करा. मग जेथे बोट थबकते, तेथे दोष पडद्याचा समजावा. अशी पाचसहा माणसे पाहिली की ठळक चुका उघड्या पडू लागतात. त्या रात्री पडदे पुन्हा काढावेत आणि सकाळी दुसऱ्या पाचजणांसमोर ठेवावेत. कागद फाडण्यात कोणाचाही मानभंग होत नाही.

आज 'फिग्मा'सारख्या साधनांनी संगणकावर असे नमुने तासाभरात उभे करता येतात, आणि ती वाईट आहेत असे कोणी म्हणणार नाही. पुढच्या टप्प्यावर त्यांचा उपयोग आहे. पण सुबक, रंगीत पडदा समोर आला की पाहणाऱ्याला वाटते, हे तर ठरूनच गेले. मग तो रंगाविषयी बोलतो, कामाविषयी बोलत नाही. ओबडधोबड कागद मात्र त्याला बोलण्याचे आमंत्रण देतो. शिवाय वातानुकूलित खोलीतल्या मोठ्या पडद्यावर ऊन नसते, बोटाला माती नसते आणि रेंज कधी जात नाही. म्हणून पडदे पक्के करण्याआधी नकाराचे आणि चुकीचे पडदे काढले पाहिजेत: रेंज गेली, सांकेतिक क्रमांक आला नाही, छायाचित्र अस्पष्ट आले, नाव जुळले नाही. या प्रत्येक ठिकाणी केलेले काम फोनमध्ये जपून राहिले पाहिजे आणि पुढे कोणाकडे जायचे हे मराठीत लिहिलेले असले पाहिजे. बव्हंशी ॲपमध्ये हेच पडदे सर्वांत शेवटी, घाईने आणि इंग्रजी वळणाने लिहिले जातात.

आपल्या भाषेच्या घडणीतूनच पडदा कसा सुचू शकतो, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राने २०१३ च्या सुमारास 'स्वरचक्र' हा मराठी कळफलक दिला. व्यंजनावर बोट ठेवताच त्याची बाराखडी त्याभोवती चक्राकार उमटते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्याला जे पाठ असते, त्यावरच ही आखणी उभी आहे. नवे शिकण्याचे ओझे तिने वापरणाऱ्यावर टाकलेले नाही.

या साऱ्याचे सोंग होण्याचा धोकाही उघड आहे. अधिकाऱ्याने निवडलेली चार हसरी माणसे, एक छायाचित्र, आणि 'लोकसहभागातून निर्मिती' असा शेरा, हे सहज होऊ शकते. स्कँडिनेव्हियात या कामाच्या पाठीशी कामगारांची संघटना उभी होती. येथे माणसे ग्रामसभेने निवडावीत आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी त्यांना मिळावी. आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांनी मनाशी स्पष्ट ठेवावी. ठेक्याने किंवा बटईने शेत कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, म्हणून त्याला पडद्यावरही जागा नसते. कितीही चांगले बटण काढले तरी हे दुखणे बरे होणार नाही. तो जमिनीच्या कायद्याचा प्रश्न आहे. पण पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन बसल्यावर जेव्हा असा माणूस विचारील, 'माझं नाव कुठं टाकू?', तेव्हा तो प्रश्नही त्याच वहीत लिहून घ्यावा.

तेव्हा मागणी अशी हवी: कोणतेही शासकीय ॲप सक्तीचे करण्यापूर्वी त्याचे कच्चे नमुने प्रत्येक विभागातील निदान एका गावात वापरून पाहावेत, त्या पाहणीचा मराठी अहवाल प्रसिद्ध करावा, आणि पडदा अडला तर कागदावरील अर्ज नाकारला जाऊ नये. शासनाची वाट पाहण्याचेही कारण नाही. खरिपाची पाहणी ऑगस्टच्या सुमारास सुरू होते. त्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी आंजीच्या ग्रामपंचायतीत शेतकरी, सेविका आणि महाविद्यालयातली चार मुले यांनी बसावे, आज चालू असलेलेच पडदे पुठ्ठ्यावर उतरवावेत आणि जेथे जेथे बोट थबकेल तेथे खूण करावी. तुकड्यांची ती थप्पी ठरावासोबत जोडून तहसील कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यायला विसरू नये.